बाइंडिंगवाल्या बेसचे फ्रेट झिजलेत, घरी बदलावेत का?

खर्जातला | १० मे, रात्री ११.५२

मंडळी नमस्कार. एरवी मी इथे नुसता वाचत असतो, पण आता स्वतःवर वेळ आलीय म्हणून धागा काढतोय.

माझ्याकडे जपानी बनावटीची बेस गिटार आहे, जॅझ बेस, सत्तरच्या दशकातल्या मॉडेलसारखा, म्हणजे नेकवर (गिटारच्या लांब दांड्यावर) रोझवुडचा फिंगरबोर्ड, त्यात मोठे चौकोनी ब्लॉक इनले (जडवलेले तुकडे) आणि दोन्ही कडांना पांढऱ्या प्लास्टिकची पट्टी, तेच ते बाइंडिंग. २० फ्रेट, म्हणजे फिंगरबोर्डात आडव्या ठोकलेल्या धातूच्या पट्ट्या, आणि ३४ इंची स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी. अकरा वर्षांपूर्वी पुण्यात ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या एका काकांनी बोटं दुखतात म्हणून वाजवणं सोडलं, त्यांच्याकडून घेतला. बेस माझ्या हातात देताना त्यांनी नेकवरून एकदा अंगठा फिरवला होता ते अजून डोळ्यासमोर आहे. तेव्हापासून गणपती, नवरात्र, लग्नं, गॅदरिंग, जे काय वाजवलं ते ह्याच्यावरच, आणि तारा कायम स्टीलच्या राउंडवाउंड (गोल तारेच्या वेटोळ्यांच्या, खरखरीत), कारण ढोलकी, ऑक्टोपॅड, कीबोर्ड सगळं एकदम सुरू झालं की माझ्या फ्लॅटवाउंड (चपट्या वेटोळ्यांच्या, गुळगुळीत) तारा त्यात बुडायच्या.

आता फ्रेट पार गेलेत. ई तारेखाली तिसरा आणि पाचवा, ए तारेखाली तिसरा, पाचवा, सातवा, तिथे नख फिरवलं की चक्क खड्ड्यात अडकतं. तिसऱ्या फ्रेटवर जी (G) सूर वाजवला की तार चौथ्या फ्रेटला लागते आणि टर्र होतं. दोन वर्षांपूर्वी एका ठिकाणी फ्रेट घासून सारखे करून घेतले होते, त्यामुळे मुळात उंची कमीच राहिलीय. व्हर्नियरने मोजलं तर चांगल्या जागी ०.८ मिमी आणि खड्ड्यात ०.५ च्या आसपास. परत त्याच दुकानात गेलो तर म्हणाले बाइंडिंग असेल तर आम्ही हात लावत नाही, नेकच बदलून टाका. नेक बदलायचा म्हणजे माझ्यासाठी बेसच बदलण्यासारखं आहे हो.

लाकडाचं थोडंफार काम येतं, घरात कानस, पटाशी, सोल्डरिंग आयर्न आहे. कुणी बाइंडिंगच्या नेकवर हे काम केलंय का? काय सांभाळायचं?


सुतारपक्षी | ११ मे, सकाळी ७.१५

आधी कडेने काढलेला जवळचा फोटो टाका, फ्रेटचं टोक स्पष्ट दिसायला हवं. पुढचं सगळं त्यावर ठरतं.

बाइंडिंगचे नेक दोन तऱ्हेचे असतात. एकात फ्रेट आधी बसवतात, मग कडेला बाइंडिंग चिकटवतात आणि दोन फ्रेटच्या मधलं बाइंडिंग खरवडून बोर्डाच्या पातळीला आणतात, त्यामुळे प्रत्येक फ्रेटच्या टोकाशी बाइंडिंगचाच एक बारीक उंचवटा उरतो. गिब्सन ह्या गिटार कंपनीची जुनी पद्धत ही. त्या उंचवट्याला निब म्हणतात. असल्या नेकचे फ्रेट बदलताना निब जवळपास जातातच. दुसऱ्या तऱ्हेत फ्रेटचं डोकं बाइंडिंगच्या वरून पार कडेपर्यंत येतं, पण खाली खाचेत रुतणारा पाय मात्र बाइंडिंगच्या आतच थांबतो. फेंडर कंपनीने जॅझ बेस आणला १९६० साली, त्याला बाइंडिंग आलं १९६५-६६ च्या सुमारास आणि ब्लॉक इनले १९६६ पासून, ते ह्या दुसऱ्या तऱ्हेचे. तुमचा त्याच घाटाचा असेल तर काम घरी होण्यासारखं आहे.

०.८ मधून अजून घासायला जाऊ नका. सगळे फ्रेट खड्ड्याच्या तळाला आणायचे म्हणजे अर्धा मिमी उरेल, बोट लाकडावर घासेल आणि तार नीट दाबलीच जाणार नाही. बदलायचीच वेळ आहे ही.


मंद्रसप्तक | ११ मे, सकाळी १०.०२

खर्जातला, एक वेगळा विचार सुचवू का? फ्रेट काढतच आहात तर खाचा भरून फ्रेटलेस करा. प्रसिद्ध बेसवादक जाको पास्टोरियसने आपला १९६२ चा जॅझ बेस फ्रेटलेस करून वर बोटींना लावतात तो इपॉक्सी चढवला होता आणि त्याच्यावर राउंडवाउंड वाजवल्या. मी स्वतः सहा वर्षं फ्रेटलेस वाजवतेय, मींड जी येते ना तिला तोड नाही.


खर्जातला | ११ मे, दुपारी १.३०

मंद्रसप्तक ताई, मनापासून आवडतं मला ते, पण आमच्याकडे गायक ऐनवेळी स्केल बदलतात आणि स्टेजवर अंधारात नेक बघायलाही मिळत नाही, तिथे सूर हलला तर सगळ्यांचंच बिघडतं. हा फ्रेटचाच राहू दे.

सुतारपक्षी, फोटो टाकलाय. डोकं कडेपर्यंत आलेलं दिसतंय, निब नाहीत.


सुतारपक्षी | ११ मे, रात्री ९.४०

बघितला. छान, दुसऱ्या तऱ्हेचाच आहे. मग आता एकच गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, बाकी चुका सुधारता येतात: नव्या फ्रेटचा पाय बाइंडिंगला आतून टेकता कामा नये.

कारण सांगतो. साध्या नेकला खाच आरपार असते, फ्रेट दोन्हीकडून बाहेर येतो आणि तुम्ही कापून घासून टाकता. बाइंडिंगच्या नेकला खाचेची दोन्ही तोंडं पट्टीने बंद असतात. पाय लांब राहिला की ठोकताना तो पट्टीला बाहेर ढकलतो. आज नाही ढकलली तरी कोरड्या हवेत लाकूड आक्रसतं, धातू तेवढाच राहतो, मग डिसेंबर-जानेवारीत प्रत्येक फ्रेटसमोर बाइंडिंगला केसासारखी चीर पडते. म्हणून बाइंडिंगची जाडी मोजा आणि पाय दोन्ही बाजूंनी त्याहून अर्धा मिमी जास्त कापा. जाडी १.५ असेल तर प्रत्येक टोकाला २ मिमी पाय जायला हवा, वरचं डोकं मात्र पूर्ण.


मिरजकर_तार | १२ मे, सकाळी ८.२०

मी गिटारवाला नाही, पण मिरजेत वाढलो आणि सितारीची कामं लहानपणापासून बघितलीत म्हणून लिहितो. सितारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले, झिजला की सोडवायचा, घासायचा नाहीतर नवा बांधायचा. तुमच्यासारखं लाकडात ठोकायचं काम नाही. पण तार आणि धातू एकमेकांना खातात ते तेच. पडदे पितळेचे किंवा जर्मन सिल्व्हरचे असतात. तुमच्या फ्रेटची वायर कशाची असते?


म्हापसेकर | १२ मे, सकाळी ११.४५

तीच हो, जर्मन सिल्व्हर. दुकानात निकेल सिल्व्हर म्हणून मिळते, तांबं, निकेल आणि जस्त, नावात चांदी असली तरी आत चांदी नाही. आणि आपल्याकडे आजी लोक जर्मलची भांडी म्हणायच्या ती वेगळी, ती ॲल्युमिनियमची.

मी गोव्यात लग्नाच्या बँडात बेस वाजवतो, दोन बेसचे फ्रेट स्वतः बदललेत, त्यातला एक बाइंडिंगचा. आमच्याकडे पावसात लाकूड इतकं फुगतं की नुसते ठोकलेले फ्रेट नंतर टोकाला उचलतात, म्हणून मी तरी खाचेत सुपरग्लू घालतोच.


न्यूजर्सीतून | १२ मे, रात्री १०.१०

स्टीलच्या राउंडवाउंड वाजवता तर फ्रेटही स्टेनलेस घाला. मी चार वर्षांपूर्वी इथे करून घेतले, अजून रेघ नाही त्यावर. रोटोसाउंड ह्या तारांच्या कंपनीने साठच्या दशकात द हू ह्या रॉक बँडमधल्या बेसवादक जॉन एन्टविसलला बरोबर घेऊन राउंडवाउंड तारा बसवल्या तेव्हापासून बेसला तो पियानोसारखा आवाज मिळाला खरा, पण फ्रेटचा काळही तिथूनच सुरू झाला. जेम्स जेमर्सनसारखा बेसवादक आयुष्यभर फ्लॅटवाउंड वाजवायचा, त्याला ही काळजी कशाला असेल.


सुतारपक्षी | १३ मे, सकाळी ७.३०

स्टेनलेस टिकतो ह्यात वाद नाही. पण पहिल्यांदा करणाऱ्याने घेऊ नये असं माझं स्पष्ट मत. तो कडक असतो, नेमका वाकवला नाही तर स्प्रिंगसारखा टोकाला उठतो, आणि बाइंडिंगवर नेमकं टोकच तर आपल्याला सपाट बसवायचंय. साध्या कानशी त्याच्यावर बोथट होतात, डायमंडची कानस लागते. कापताना निप्परचे दात जातात. जर्मन सिल्व्हर घ्या, अकरा वर्षं काढलीत ना त्याच्यावर.

ग्लूबद्दल म्हापसेकरांशी अर्धा सहमत. पूर्ण खाच भरू नका, पुढच्या वेळी काढताना लाकूड सोबत येतं. फ्रेट बसल्यावर पातळ सुपरग्लूचा एक थेंब टोकाशी, आपोआप आत ओढला जातो. आणि सांडला म्हणून ॲसिटोनने किंवा नेलपॉलिश रिमूव्हरने पुसायला जाऊ नका, बाइंडिंग विरघळतं.


खर्जातला | २६ मे, रात्री १२.२०

सामानाची जुळवाजुळव झाली. वायर ऑनलाइन मागवली, जर्मन सिल्व्हर, २.४ मिमी रुंद, १.२ उंच, सहा फूट. गिटारसाठी आधीच कापलेले तुकडे स्वस्त पडत होते पण माझा नेक नटपाशी (नेकच्या वरच्या टोकाला तारा ज्याच्या खाचांतून जातात ती पट्टी) ३८ मिमी आणि विसाव्या फ्रेटपाशी ६२ आहे, मोजून बघितलं तर ते खाली पुरलेच नसते. बोहरी आळीत एंड कटर घेतला आणि त्याचं तोंड ग्राइंडरवर सपाट करून घेतलं, कारण तो आहे तसा फ्रेटच्या डोक्याखाली जातच नाही. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) मोटारसायकलच्या स्पेअरपार्टच्या दुकानात मिळाला. लेव्हलिंगसाठी, म्हणजे फ्रेट एका पातळीत घासायला, खिडक्यांना वापरतात तो ॲल्युमिनियमचा जाड चौकोनी पाइप, दोन फुटांचा, दुकानात काचेवर ठेवून सरळ बघूनच घेतला.

फिंगरबोर्डची गोलाई मोजायला पुठ्ठ्यावर कंपासने १८४ मिमी त्रिज्येचा कंस कापला, म्हणजे सव्वासात इंच, तो बरोबर बसला. ९.५ इंचाचा कापून बघितला तर मधे टेकत होता आणि कडांना उजेड दिसत होता.

शनिवारी फ्रेट काढतोय.


मंद्रसप्तक | २७ मे, सकाळी ९.००

सोल्डरिंग आयर्न धरताना ब्लॉकना जपा. ते मोत्यासारखे दिसणारे इनले बऱ्याचदा सेल्युलॉइडचे असतात आणि सेल्युलॉइड पेट घेतं. बाइंडिंगचंही तेच असू शकतं. फ्रेटच्या मधोमध उष्णता द्या, टोकाशी नको. शुभेच्छा!


खर्जातला | ३० मे, रात्री ११.३५

निघाले. वीसच्या वीस. तीन तास लागले आणि पहिल्याच फ्रेटला पाऊण तास.

कसं केलं ते लिहून ठेवतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. दोन्ही बाजूंच्या ब्लॉकवर मास्किंग टेपचे दोन थर. फ्रेटच्या मध्यावर थोडं सोल्डर लावून २५ वॅटचं आयर्न वीस सेकंद धरलं, सोल्डरमुळे उष्णता चटकन उतरते. मग कटरचं तोंड ई तारेच्या बाजूने डोक्याखाली सरकवलं आणि नुसतं हळू दाबलं. वर उपटायचं नाहीच, दाबलं की फ्रेट आपोआप केसभर उचलतो, मग दोन मिमी पुढे, परत दाबायचं, असं चालत चालत दुसऱ्या टोकाला. फ्रेटच्या पायाला दोन्हीकडून बारीक दात असतात, ते वर येताना लाकूड घेऊन येतात. जिथे घाई केली तिथे, चौथ्या आणि अकराव्याला, टवके निघाले. टवके फेकले नाहीत, तिथल्या तिथे सुपरग्लूने चिकटवले.

काढलेले फ्रेट क्रमाने पुठ्ठ्यावर टेपने लावून ठेवलेत. तिसरा हातात घेऊन बघितला तर ई तारेच्या जागी वेटोळ्यांचे आडवे ओरखडे स्पष्ट दिसतात, खड्ड्याच्या आत खड्डे.

एक विचारायचंय. खाचेत जुना गोंद आणि भुसा अडकलाय, मधला निघतो पण बाइंडिंगला लागून शेवटचे चार-पाच मिमी निघत नाहीत, करवत तिथे पोचतच नाही कारण पुढे पट्टी आहे.


सुतारपक्षी | ३१ मे, सकाळी ६.५०

तिथेच लोक कंटाळतात आणि तिथेच फ्रेट वर राहतो. खाच साधारण ०.५८ मिमी असते. कागद कापायच्या कटरच्या पात्याचं टोक पक्कडीने तोडा, जी तिरकी धार उरते तिचा हुकासारखा आकडा होतो, तो बाइंडिंगकडून मध्याकडे ओढा. मध्याकडून बाइंडिंगकडे कधीच नाही, हात सटकला की पट्टी फुटली. पात्याच्या तुटक्या टोकावर मार्करने खोलीची खूण करा आणि प्रत्येक खाच दोन्ही टोकांना त्या खुणेपर्यंत उतरते का बघा. वीस खाचा, चाळीस टोकं. वेळ लागू दे.

मग बोर्डाच्या गोलाईचा ठोकळा, त्याला २२० नंबरचा पॉलिश पेपर, अगदी मोजके हात. ब्लॉक इनले पातळ असतात, फार घासलं तर पार होतात. आणि बाइंडिंग बोर्डाच्या पातळीलाच आलं पाहिजे, वर राहिलं तर फ्रेटचं टोक त्याच्यावर डुगडुगेल.


म्हापसेकर | ३१ मे, दुपारी १२.१५

हे काम पाऊस लागायच्या आत उरका. उघड्या फिंगरबोर्डचा नेक दमट हवेत पडून राहिला तर खाचा आवळतात. नाहीच जमलं तर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवा, भिंतीला टेकवून नको.


खर्जातला | ७ जून, रात्री १.०५

आठ फ्रेट बसले. झोप येत नाहीये म्हणून लिहितोय.

पाय कापायचं अवजार विकत घेतलं नाही, एमएसच्या (साध्या लोखंडाच्या) पट्टीत हॅकसॉने एक चीर पाडली, फ्रेट उलटा करून त्याचा पाय चिरेत असा धरायचा की टोकाचा दोन मिमी भाग बाहेर राहील, मग तेवढाच निप्परने तोडायचा आणि कानशीने घासायचा. खरी मेहनत त्यानंतर. पाय तोडला तरी डोक्याच्या पोटाला एक बारीक धार उरते, बोटाला लागत नाही पण उजेडात धरली की दिसते. ती पूर्ण सपाट होईपर्यंत सुई-कानशीने घासायची, नाहीतर डोकं बाइंडिंगवर टेकत नाही, त्या धारेवर उभं राहतं. एका फ्रेटची दोन टोकं करायला मला वीस मिनिटं लागतायत.

वायर बोर्डाच्या गोलाईपेक्षा थोडी जास्त वाकवून घेतलीय, म्हणजे आधी टोकं टेकतात आणि मध्यावर ठोकलं की टोकं अजून आत दाबली जातात. नेकखाली तांदळाची पिशवी ठेवून त्याच्यावर ठोकतोय, प्लास्टिकच्या तोंडाची हातोडी. नीट बसला की आवाज बदलतो, आधी टणटण येतो मग एकदम भरीव ठक. तो ठक ऐकायला फार बरं वाटतं.


न्यूजर्सीतून | ७ जून, सकाळी ६.३०

वाचनखूण साठवलीय. इतकं सविस्तर कुणी लिहीत नाही.


खर्जातला | ९ जून, सकाळी ८.१०

वाईट बातमी आहे. काल रात्री बाराव्या फ्रेटवर बाइंडिंग सुटलं.

चूक माझीच. दहावा, अकरावा, बारावा हे तीन एकदम करत होतो, उशीर झाला होता, आणि पाय दीडच मिमी कापला, वरचा अर्धा मिमी सोडायचा राहून गेला. दहावा आणि अकरावा कसेबसे बसले. बारावा ठोकला तेव्हा ठक आवाज आला, वाटलं झालं. सकाळी खिडकीपाशी नेक धरला तर जी (G) तारेच्या बाजूला बाराव्यासमोर पट्टी लाकडापासून कागदाएवढी लांब गेलीय आणि तिच्यावर उभी चीर आहे, साधारण तीन मिमी. बोट फिरवलं की कळते. फार वाईट वाटतंय. काकांनी इतकी वर्षं जपलेली वस्तू.


सुतारपक्षी | ९ जून, सकाळी ८.४५

थांबा, आज हात लावू नका. हे नीट होतं, शंभर टक्के होतं.

उद्या दहा, अकरा, बारा तिन्ही काढा, परत गरम करून, तेवढ्याच सावकाश. बसलेत म्हणून दहा-अकरा तसेच ठेवू नका, ते थंडीत हेच करतील. तिघांचे पाय अजून अर्धा मिमी कापा. मग पट्टी लाकडाला बोटाने दाबून बघा, पूर्ण मिटते का. मिटली की फटीत पातळ सुपरग्लू एक थेंब, आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापून नेकभोवती ताणून गुंडाळा. ट्यूबला सुपरग्लू चिकटू नये म्हणून मधे बटर पेपर. रात्रभर ठेवा.

चिरेसाठी बाइंडिंगचा तुकडा मी कुरिअरने पाठवतो, माझ्याकडे पांढऱ्या एबीएस प्लास्टिकचे उरलेले आहेत, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. त्याचा कीस बाटलीच्या झाकणात ॲसिटोनमध्ये टाकला की मधासारखी पेस्ट होते, ती काडीने चिरेत भरायची. वाळताना आत बसते म्हणून थोडी उंच भरा, दोन दिवसांनी ब्लेडने खरवडा. चिरेपुरतीच लावा, आजूबाजूला नको.


मिरजकर_तार | ९ जून, रात्री ९.२०

काकांना वाईट वाटायचं काही कारण नाही. आमच्याकडे जुन्या तंबोऱ्याच्या भोपळ्याला तडा जातो, तो सांधून परत मैफलीत जातो आणि त्याच तंबोऱ्याला लोक मान देतात. वाद्य वाजतं राहिलं पाहिजे.


खर्जातला | १८ जून, रात्री १०.४०

सुतारपक्षी, तुकडा मिळाला, खूप आभार. तुम्ही सांगितलं तसंच केलं. पट्टी पूर्ण मिटली. चीर भरली, आज खरवडून ६०० आणि १००० चा कागद फिरवला. जिथे चीर होती तिथे रंग थोडा जास्त पांढरा दिसतो कारण जुनं बाइंडिंग पिवळट झालंय, पण बोटाला काही कळत नाही. डोळे मिटून तीनदा बोट फिरवलं.

वीसही फ्रेट बसले. इथे पाऊस सुरू झालाय, नेक पिशवीत आहे.


म्हापसेकर | १९ जून, दुपारी १.००

जबरदस्त! आता टोकं घासताना कानस बाइंडिंगला लागू देऊ नका. कानशीच्या एका बाजूला टेप लावा. टोकाचा उतार फार आडवा ठेवलात तर जी (G) तार कडेवरून घसरते, साधारण ३०-३५ अंश पुरे. आणि शेवटचा हात वरून खाली फिरवा, खालून वर घासलं तर बाइंडिंगची कपची उडते.

अजून एक, नट तपासा. जुने फ्रेट ०.८ होते, नवे १.२. तेवढ्याने पहिला फ्रेट वर आला, नटची खाच तीच. मोकळी तार पहिल्या फ्रेटला लागणार.


खर्जातला | २ जुलै, रात्री ११.१५

म्हापसेकर, अगदी तस्सं झालं. पण क्रमाने सांगतो.

ट्रस रॉड (नेकच्या आतली, त्याचा बाक कमीजास्त करायची सळई) फिरवून नेक अगदी सरळ केला, फ्रेटच्या माथ्यावर काळा मार्कर फिरवला, ॲल्युमिनियमच्या पाइपला ४०० चा कागद चिकटवून लांब लांब हात मारले. बहुतेक फ्रेटवर मार्कर पाच-सहा हातांत गेला, फक्त चौथ्यावर आणि सतराव्यावर मधे काळं राहत होतं, म्हणजे ते दोन खाली होते. चौथा तोच, टवका निघाला होता तो. त्यांना परत दाबून बसवता आलं असतं का असा विचार केला, पण फरक इतका कमी होता की बाकीचे त्यांच्यापर्यंत आणले. मग क्राउनिंग फाइलने (खोलगट तोंडाच्या कानशीने) प्रत्येकाचा माथा परत गोल, मधे केसाएवढी काळी रेघ राहील इतकाच. मग ६००, १०००, २०००, शेवटी ब्रासो. स्टील वूल वापरलं नाही, त्याचा कीस पिकअपच्या चुंबकाला चिकटतो.

तारा लावल्या. मोकळी ई वाजवली आणि टर्र. फ्रेट दाबला की स्वच्छ, मोकळी सोडली की टर्र. म्हणजे नटच. सध्या खाचेत खाण्याचा सोडा आणि सुपरग्लू घालून वर आणलीय, तात्पुरतं. हाडाचा नवा नट करायचाय. मिरजकर, सितारीच्या घोडीला उंटाचं हाड वापरतात ना, तुमच्याकडे तुकडा मिळेल का, ४० मिमी लांब पुरे?


मिरजकर_तार | ३ जुलै, सकाळी ७.५०

मिळेल की. इथल्या कारागिरांकडे घोडीचे तुकडे कायम पडलेले असतात. दोन घेऊन ठेवतो, एक बिघडला तर असावा. चांगलं घोटलं की आरशासारखं होतं, ते घोटायचं मात्र पाणी लावून, आणि तोंडाला रुमाल बांधून, धूळ वाईट असते.


खर्जातला | २४ जुलै, रात्री १२.०५

नट झाला. पहिल्या आणि विसाव्या फ्रेटवर ई दाबून आठव्यापाशी फीलर गेज घातला, ०.३५ मिमी रिलीफ, म्हणजे नेकचा हलका बाक. बाराव्या फ्रेटपासून ई तारेची उंची २.३ मिमी, जी (G) तारेची २ मिमी. एवढं खाली आणूनही कुठे टर्र नाही.

काल रात्री पहिली रिहर्सल झाली, गणपतीच्या कार्यक्रमाची. तिसऱ्या फ्रेटवरचा जी धरून ठेवला आणि तो संपेपर्यंत थांबलो, कीबोर्डवाला मित्र वळून बघायला लागला. तो सूर गेली दोन वर्षं मी धरतच नव्हतो, पटकन सोडून पुढे जायचो, आणि ही सवय आपल्याला लागलीय हे मला काल कळलं. रविवारी बेस घेऊन काकांकडे गेलो होतो. वाजवला नाही त्यांनी, बोटं वळत नाहीत, पण नेकच्या कडेवरून अंगठा फिरवला, बाराव्यापाशी थांबले नाहीत.


नवीन_सभासद_ठाणे | २४ जुलै, सकाळी ९.३०

पूर्ण धागा एका बैठकीत वाचला. माझा बेस असाच बाइंडिंगचा आहे, फक्त पहिले पाच फ्रेट गेलेत, बाकीचे जवळपास नवे. पाचच बदलले तर चालतील का? आणि तुमच्याकडे वायर उरली असेल तर विकत द्याल का?


खर्जातला | २४ जुलै, दुपारी १.१५

चालतील, पण नवे पाच बाकीच्यांपेक्षा उंच बसणार, ते घासून जुन्यांच्या उंचीला आणावे लागतील, म्हणून आधी सहाव्या फ्रेटची उंची मोजून सांगा. ती १ मिमीच्या खाली असेल तर सगळेच बदललेले बरे.

वायर साधारण दीड फूट उरलीय, दोन तुकडे बिघडवूनही. पैसे नकोत. पुढच्या शनिवारी ठाण्यात कार्यक्रम आहे, येताना वायर, चीर पाडलेली पट्टी आणि तोडलेल्या पात्याचा आकडा तिन्ही घेऊन येतो. तोवर तुमच्या बाइंडिंगची जाडी मोजून ठेवा.